नऊ मिनिटांचं गाणं आणि माझे दोन काटे

मित्रांनो, मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरकडे धाडायचा, एवढंच माझं काम. माझ्या अंगावर कुठल्या बड्या कंपनीचं नाव शोधू नका. भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारात ओमप्रकाश नावाच्या रेडिओ मेकॅनिकने सुटे भाग जमवून १९८७ साली मला जोडलं आणि सागवानी पेटीत बसवलं. माझ्या तोंडावर काचेमागे दोन काटे आहेत. आवाज हळू असला की ते डावीकडे पडून राहतात, चढला की उजवीकडच्या लाल पट्ट्यापर्यंत धावतात. ओमप्रकाश ते लावायलाच तयार नव्हता.

"इससे आवाज में कोई फरक नहीं पड़ेगा, आनंदराव," तो म्हणाला.

"नाई पडू दे. मले काटे दिसले पायजे."

आनंदराव माझे मालक. वर्ध्याकडून आलेले, स्टील प्लांटमध्ये मीटरदुरुस्तीच्या कामावर. भट्टीचा दाब, तेलाची पातळी, सगळं त्यांना काट्यावर वाचायची सवय. कान फसवतात, काटा फसवत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते इतक्यांदा ऐकलं आहे की मला पाठ आहे.

माझ्याबरोबर सेक्टर दोनमधल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये एक रेकॉर्ड राहायला आली. कोलकात्याला ट्रेनिंगला गेले असताना त्यांनी ती फुटपाथवरून उचलली होती. चार केसाळ विलायती पोरांचं रॉक संगीत. त्यातलं एक गाणं नऊ मिनिटांचं. पहिली पाच मिनिटं एकच गिटार, तीही कुणी शेजारच्या खोलीत वाजवावी इतकी हळू. मग क्षणभर सगळं थांबतं, आणि एकदम ड्रम येतात.

त्या थांबण्याचा आमच्या घरात रिवाजच पडला होता. आनंदरावांच्या पत्नी रमाताई पोळ्या लाटत असल्या तर लाटणं वर धरून थांबत. "आता येते पाय ढोल," असं म्हणत. त्यांच्या बोलीत 'पाय' म्हणजे 'पाहा'. त्यांची छोटी लेक स्नेहल दिवाणावर उभी राहून माझ्या काट्यांवर डोळा ठेवी. ड्रम आले, काटे लाल पट्ट्यात गेले, की ती धप्पकन खाली उडी मारी. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येत आणि चहा पिऊन जात. खरं सांगतो, मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

दिवस काही थांबत नाहीत. स्नेहल शिकली, पुण्याला नोकरीला गेली. आनंदरावांनी तीस-पस्तीस वर्षं प्लांटच्या गोंगाटात काढली, आणि आवाज अडवणारे कानाचे मफ कानावर कमी, गळ्यात जास्त. हळूहळू ते टीव्ही मोठा करू लागले, मग दारावरची बेल चुकू लागली. डॉक्टरांनी तपासून मान हलवली. त्यांनी लेकीला मात्र यातलं अक्षर सांगितलं नाही. रविवारी ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसत, एक हात स्पीकरवर ठेवत आणि नजर काट्यांवर. गाणं त्यांना आता माझ्यातूनच कळत होतं. एवढा मान मला कुणी कधी दिला नव्हता.

मग निवृत्ती आली. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हा टाउनशिपचा नियम. टाउनशिपबाहेर रिसालीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. जागा थोडी, म्हणून सामान निवडायला घेतलं. स्नेहल मदतीला आली ती एक भलामोठा खोका घेऊनच. त्याच चार केसाळ पोरांच्या सगळ्या गाण्यांचा नवा संच: सीडी, फोटोंचं जाड पुस्तक, आणि झाकणावर ठसठशीत लिहिलेलं की आवाज नव्याने सुधारला आहे.

तिने सीडी प्लेअर मला जोडला आणि नऊ मिनिटांचं गाणं लावलं. पहिल्याच सुराला माझे काटे उठले आणि लाल पट्ट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. एकटी गिटारही तिथेच. आनंदराव वाट पाहत बसले. पाच मिनिटं झाली, सहा झाली.

"बाबा, कसं वाटलं?"

"ढोल तर येऊ दे."

स्नेहलचा चेहरा पडला. "ढोल येऊन गेले न, बाबा. कधीचेच."

त्या एका वाक्यात लेकीला बापाचे कान कळले. आनंदराव उठले, काचेवर नखाने तीनदा टिचकी मारली. काटे जागचे हलले नाहीत. "मीटर गेलं याचं," ते म्हणाले. "आता हे कावून न्यायचं रिसालीले? भंगारात देऊन टाक."

मी ओरडून सांगणार होतो, पण मला माझा आवाज नाही. मला जसं मिळालं तसंच मी दाखवलं होतं. नव्या संचात हळू आणि मोठा हा भेदच दाबून टाकला होता. सगळंच मोठं, मग काट्यांनी धावायचं तरी कुठून कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात, मोडक्या कूलरशेजारी. दयाराम भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"चलथे का?" त्याने विचारलं.

"चालते. दाखवते न," रमाताई म्हणाल्या. मला सोडायचं त्यांच्या मनात नव्हतंच. रेकॉर्ड प्लेअर अजून बांधला नव्हता. त्यांनी तो आणि स्पीकर आणून मला जोडले आणि जुनी रेकॉर्ड ठेवली. गिटार सुरू झाली. माझे काटे डावीकडे, जेमतेम श्वास घेत. आनंदराव गाद्या बांधायची दोरी हातात घेऊन आत चालले होते. त्यांची नजर पडली आणि ते दारातच थांबले.

पाच मिनिटं कुणी हललं नाही, दयारामसुद्धा. मग गाणं थांबलं. रमाताईंचा हात आपोआप वर गेला, लाटणं नसताना. ड्रम आले. माझे दोन्ही काटे धावत लाल पट्ट्यात शिरले, आणि चौतीस वर्षांच्या स्नेहलने गाद्यांच्या ढिगावरून धप्पकन उडी मारली.

आनंदराव माझ्यासमोर मांडी घालून बसले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"जन्मभर प्लांटातल्या पोट्ट्याईले शिकवलं," ते म्हणाले, "मीटरले दोष देण्याआधी ओळखीचा सिग्नल देऊन पाय. अन् घरच्या मीटरले तेवढंही केलं नाई मी."

दयाराम कूलर घेऊन गेला.

आता मी रिसालीत खिडकीशी आहे. संचातलं फोटोंचं पुस्तक माझ्याच डोक्यावर ठेवलेलं असतं, आनंदराव ते रोज चाळतात. मित्रांनो, जुनी वस्तू गप्प दिसली तर ती मेली असं लगेच ठरवू नका. तिला एकदा तिच्या ओळखीचं काही देऊन पाहा. माणसांनाही हेच लागू आहे. आणि कानाचे मफ गळ्यात नाही, कानावर घाला.

दर रविवारी स्नेहल पुण्याहून व्हिडिओ कॉल करते. आनंदराव फोन स्पीकरजवळ नेत नाहीत, माझ्या काट्यांसमोर धरतात. काटे लाल पट्ट्यात जातात, आणि फोनमधलं चित्र एकदम हलतं. धप्प असा आवाज त्यांना ऐकू येत नाही. पण ते हसून रमाताईंना सांगतात, "मारली पाय उडी."