सुलट की उलट

तामारुआच्या आयुष्यातला पाऊण तास हरवला होता. तो कुठे सापडेल हे बेटावर प्रत्येकाला ठाऊक होतं, एकट्या तामारुआला सोडून.

त्याला आठवायचं ते एवढंच, की दुपारी नारळाच्या दुधात शिजवलेला अळूचा पाला होता आणि तो जरा खाजरा होता. त्यानंतर एकदम इस्पितळाचं छत. मधल्या वेळात त्याने टिटिकावेकातल्या घरून मोटरसायकल काढली होती आणि शहराच्या वाटेवर मातावेरात तो आडव्या आलेल्या डुकराला वाचवायला जाऊन माडावर आदळला होता. डुक्कर शाबूत राहिलं. तामारुआचा उजवा पाय दोन जागी आणि गळ्याजवळचं हाड एका जागी मोडलं.

डुक्कर, माड, हाडं यांचं रारोटोंगा बेटावर कुणाला नवल नाही. नवल होतं ते हँडलला अडकवलेल्या एईचं. अनंत आणि चाफा गुंफून केलेला, डोक्यावर घालायचा ताजा मुकुट. बावन्न वर्षांचा भूगोलाचा मास्तर भर दुपारी तो कुणासाठी नेत होता?

बेटाला रस्ता एकच, तोही गोल. त्यावर दोन बस धावतात. घड्याळाच्या काट्यांबरोबर फिरते ती सुलटी, दुसरी उलटी. तामारुआ सुलट येत असेल तर शहरातून फुलं घेऊन घरी निघाला होता, म्हणजे बायकोसाठी. उलट जात असेल तर फुलं घराबाहेर चालली होती, म्हणजे दुसऱ्या कुणासाठी तरी. मोटरसायकल सापडली ती समुद्राकडे तोंड करून. तिने कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

“खरं काय ते सांग,” चर्चचा कारभार बघणारा ओकोताई पपई घेऊन आला तेव्हा म्हणाला. “मी कुणाला सांगायचो नाही.”

“रविवारी सगळ्यांसमोर सांगशील.”

“ती प्रार्थना असते. पण काय रे, पोरांना दिशा शिकवतोस आणि स्वतःची विसरलास?”

“काय घडलं ते इतिहासाच्या मास्तरला विचार. ते त्याच्याकडे.”

सगळे विचारत होते, विचारत नव्हती ती त्याची बायको तेपाएरू. बाजारातल्या प्रत्येक माशाची कुळकथा विचारणारी ही बाई एईचा विषय निघाला की चुलीवरचं भांडं बघायला उठायची. कधी कधी भांडं चुलीवर नसायचंही. तिने आपला निकाल लावून टाकलाय, असं तामारुआने धरलं. चोवीस वर्षांचा संसार आणि आपल्या बाजूने साक्ष द्यायला आपली आठवणही नाही.

“शपथ घेतो, कुठे चाललो होतो ते मला खरंच आठवत नाही,” तो रोज म्हणायचा.

“मग आठवू नकोस,” ती त्याच्या पायाखालची उशी नीट करत म्हणायची. “डोक्याला ताण नको म्हणालेत ना डॉक्टर?”

बायको नवऱ्याला विसर म्हणते, याहून वाईट लक्षण त्याला सुचेना.

गुडघा नव्वद अंशांत वाकला की बसमध्ये चढता येईल, असं व्यायाम घेणाऱ्या बाईने सांगितलं होतं. तामारुआने शाळेतून फळ्यावरचा लाकडी कोनमापक मागवला आणि रोज सकाळी गुडघ्याला लावायला सुरुवात केली. पस्तीस. अठ्ठेचाळीस. सत्तर झाले त्या दिवशी त्याने घरभर ओरडून सांगितलं.

“एवढी घाई कसली आहे?” तेपाएरू आतूनच म्हणाली.

चौथ्या महिन्यात नव्वद भरले आणि तामारुआ कुबडी घेऊन उलट्या बसमध्ये चढला. पाय कसा उचलावा हे त्याला अकरा उतारूंनी अकरा प्रकारे सांगितलं. मातावेराला तो उतरला. माड जागेवर होता. शेजारच्या ओसरीत डुकराची मालकीण, म्हातारी तांगी, बसली होती.

“तूच का तो? तेव्हापासून माझं डुक्कर रस्ता ओलांडत नाही बघ. हाय खाल्ली बिचाऱ्याने.”

“मावशी, मी कुठल्या बाजूने आलो?”

“मी पाठमोरी होते. आवाज ऐकून वळले, तर तू येऊन पडलेला.” तिने भिंतीकडे हात केला. “तुझा एई तेवढा उचलून ठेवला. फुलं टाकवत नाहीत.”

खिळ्यावरचा एई वाळून तपकिरी झाला होता. तामारुआने तो उलटा करून बघितला. मागे केळीच्या सोपाच्या धाग्याची गाठ होती, तीन वेढे देऊन टोक डावीकडून आत खोचलेलं. ही गाठ तो चोवीस वर्षं बघत आला होता. माशांच्या जुडीवर बघितली होती, डब्याच्या फडक्यावर बघितली होती, आणि आता गळ्यात अडकवलेल्या झोळीवरही तीच होती. तेपाएरू डावखुरी होती.

“लागला का पत्ता?” तांगीने विचारलं.

“लागला. उलट.”

सुलट्या बसने घरी येऊन त्याने एई टेबलावर ठेवला. तेपाएरू अळकुड्या सोलत होती. तिची सुरी थांबली.

“कुणासाठी केला होतास?” त्याने विचारलं.

“आकाइतीसाठी.”

आकाइती तिची धाकटी बहीण, मातावेराचीच. एका गोधडीवरून दोघींचं दोन वर्षं बोलणं बंद होतं.

“अगं, मग सांगायचंस ना! सगळं बेट माझ्यासाठी बाई शोधतंय.”

“तू म्हणालास, माफी तुझी, ओझं मी का वाहू? शब्दाने शब्द वाढला. एई घेऊन निघालास, तरी तोंड चालूच.” ती हातातल्या अळकुडीकडे बघत होती. “मग मी म्हटलं, जा, आपट जाऊन एखाद्या माडावर.”

तामारुआने कुबडी भिंतीला टेकवली.

“चोवीस वर्षांत माझं ऐकलंस ते तेवढं एकदा,” ती म्हणाली. ती हसत नव्हती. “रोज सकाळी वाटायचं, आज याला आठवणार.”

म्हणजे आपण चार महिने रोज आठवायची धडपड करत होतो, आणि ही रोज त्याच धडपडीला भीत होती. तामारुआने खुर्ची ओढली, पाय जमेल तितका वाकवला आणि बसला.

“कुठला माड, ते सांगितलं होतंस?”

“नाही.”

“मग तो मीच निवडला.”

तेपाएरूने कोपराने डोळे पुसले. अळकुड्यांचे हात डोळ्यांना लावायची सोय नव्हती.

“आणि मी?” तामारुआने विचारलं. “त्यावर मी काय म्हणालो?”

तिने सुरी पुन्हा उचलली. “तुला आठवत नाही ना?”

“नाही.”

“मग तेवढं माझ्याकडे राहू दे.” दोन अळकुड्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, “उद्या उलटी बस किती वाजता आहे?”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये नवा एई तिच्याच मांडीवर होता. मातावेरा येईपर्यंत तामारुआने तीनदा विचारलं, आपण काय म्हणालो होतो. तिन्ही वेळा तिने खिडकीतून समुद्राकडे बघितलं, आणि तिसऱ्या वेळी तिला हसू आवरलं नाही.