तापाच्या तारखा

थर्मामीटर तीनदा वाजला. दुपारच्या त्या गप्प घरात तेवढाही आवाज मेघाला मोठा वाटला. तिनं तो अक्षदाच्या काखेतून हळूच काढून मुठीत दाबला आणि मग बघितला. एकशे एक. सप्टेंबरातला शेवटचा रविवार होता, तिचा नवरा अजिनाथ खाली गाडी धूत होता, आणि साडेतीन वर्षांची पोर आईच्या मांडीवर डोकं टेकून तव्यासारखी तापली होती.

मेघानं कपाळावरची ओली घडी बदलली. डोळे न उघडताच अक्षदा म्हणाली, "साळू, पाणी."

"साळू नाही गं, आई आहे मी."

पोरीनं डोळे किलकिले केले, आई आहे एवढं बघून घेतलं आणि पुन्हा मिटले. "साळूला बोलाव ना."

मेघानं वाटीनं पाणी पाजलं, औषध दिलं, पाठ थोपटत राहिली. पोर झोपली. मेघाच्या कानात मात्र ती 'साळू' अशी हाक राहिली, आणि ती का टोचते हे तिला चांगलं ठाऊक होतं.

साळूबाई मुकुंदवाडीतल्या त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. मूळची सिल्लोडकडची, धनगराच्या घरची. नवरा गेल्यावर शेरडं विकून लेकाबरोबर शहरात आलेली. अक्षदा वर्षाची झाली आणि मेघा पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हापासून पोर दिवसभर तिच्याकडं असायची. घरी ताटातली पोळी ढकलून देणारी अक्षदा साळूबाईच्या हातचा भाकरीचा काला बोटं चाटून खायची. शेरडाला हाकारतात तसा जिभेनं टक्टक आवाज काढायला तिथंच शिकली होती आणि पाहुण्यांसमोर तो काढून दाखवायची. संध्याकाळी घरी आणली की मेघा आधी तिला आंघोळ घालायची. अजिनाथला सांगायची, बाहेरची धूळ असते. धूळ कसली? पोरीच्या केसांना साळूबाईच्या खोबरेलाचा वास यायचा, आणि तो रात्री आपल्या कुशीत यायला नको म्हणून ती खसाखसा चोळायची.

बाई वाईट असती तर बरं झालं असतं. काही बोट ठेवायला तरी जागा मिळाली असती.

बोट ठेवायला जागा शोधणं हे मेघाचं कामच होतं. औरंगपुऱ्यात मका खरेदी करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं, तिथं ती बसायची. फाटकावरच्या रजिस्टरात कोणत्या तारखेला कुठून गाडी आली ते असायचं. तपासणीच्या यादीत कोणत्या तारखेचा माल किती ओला निघाला ते. दोन्ही याद्या एक्सेलमध्ये घालायच्या, तारखेला तारीख जुळवायची आणि महिन्याचा गोषवारा एका पानावर काढायचा. लोक डोळे फोडून दोन दिवस बसायचे ते काम मेघा एका सूत्रात चहा निवायच्या आत करायची. ऑफिसात तिचा तोरा होता त्यावर.

पोर झोपलेली बघून तिनं लॅपटॉप उघडला.

साळूबाईला लिहिता येत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात, अक्षदा ज्या दिवशी आली त्या तारखेभोवती ती पेन्सिलीनं गोल काढायची. महिनाअखेरीला दिवस मोजायला सोपं जावं म्हणून मेघा त्या पानाचा फोटो काढून ठेवायची. जूनपासूनची चार पानं मोबाइलमध्ये होती, सप्टेंबरचं शुक्रवारीच घेतलेलं. तापाच्या तारखाही होत्या. वाळूजच्या कारखान्यात असलेल्या अजिनाथला ती दर वेळी कळवायची, त्यामुळे चॅटमध्ये नुसता 'ताप' शब्द शोधला आणि सगळे निघाले. अकरा. आजचा बारावा.

एका रकान्यात साळूबाईचे गोल, दुसऱ्यात ताप. शेजारी सूत्र लिहिलं: ही तापाची तारीख त्या गोलांमध्ये आहे का? असेल तर एक मोज.

खाली उत्तर आलं, शून्य.

आईला आनंद व्हायला हवा होता. मेघाला झाला नाही. उलट कुणी हातातलं काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची क्षणभर लाजही वाटली. पण शून्य कसं येईल? तिनं नीट बघितलं. तापाच्या तारखा चौकटीत डाव्या कडेला चिकटून बसल्या होत्या. घाईत तिनं मध्ये टिंबं देऊन लिहिल्या होत्या, आणि एक्सेल त्यांना तारीख मानतच नव्हतं, नुसती अक्षरं मानत होतं. तारीख खरी असली की उजवीकडं सरकते. तिनं एकेक पुन्हा लिहिली. एकेक उजवीकडं सरकली.

आठ.

बारापैकी आठ ताप साळूबाईच्या दिवशी आलेले. घरी राहिली त्या दिवशी फक्त चार. मेघानं त्याचे दोन उभे पट्टे काढले, साळूबाईचा लाल, घरचा हिरवा. लाल पट्टा दुप्पट उंच होता. तिनं तो बघितला आणि गरम दूध प्यायल्यासारखं आत काहीतरी निवांत झालं.

अजिनाथ वर आला तेव्हा तिनं त्याला पट्टे दाखवले. तो साधा माणूस. बायकोच्या आकड्यांवर त्याचा कारखान्यातल्या मोजपट्टीइतका विश्वास. तो म्हणाला, बाई मायाळू आहे, पण आठ म्हणजे लईच झालं. हात धुवत असेल नसेल. मेघानं होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. क्रांती चौकाकडं एक पाळणाघर होतं, मोठं, शिकलेल्या बायकांचं. तिथं ऑफिसला जाताना सोडता आलं असतं. हेही तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

ताप उतरला तशी दोन दिवसांनी ती साळूबाईकडं सांगायला गेली. शब्द जुळवून नेले होते. साळूबाई उंबऱ्यात लसूण सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"माझ्या हातनं काय कमी पडलं का, ताई?"

"तसं नाही, मावशी. सारखा ताप येतो ना पोरीला. बघा, मी सगळं मांडून बघितलं." आणि मेघानं मोबाइल पुढं केला.

साळूबाईनं पदराला हात पुसून तो घेतला. अक्षरं तिला कळण्यासारखी नव्हती, पट्टे कळले. "हे उंच हाय ते माझं व्हय?"

"हो."

"हे कशावरनं काढलं?"

"तुमच्याच कॅलेंडरावरून. तुम्ही गोल करता ना, त्यावरून."

साळूबाईनं मागं वळून भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघितलं. मग मोबाइल परत दिला. "मग बराबर असंल. लेकरू दुखण्यात पडू नये." थोडं थांबून म्हणाली, "तिथल्या बाईला सांगा, भात मऊ लागतो तिला. अन् झोपताना कानाची पाळी धरू द्यावी लागती. नायतर झोपत नाय."

कानाची पाळी मेघाला माहीत नव्हती. आपल्याकडं पोर कधी तशी झोपली नव्हती. वाटेत तिला बाईची दया यायच्या ऐवजी पुन्हा तेच टोचलं, आणि केलं ते बरंच केलं, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

तीन आठवडे गेले. पाळणाघरात अक्षदा रडली नाही, तक्रारही केली नाही. गेटवर सोडली की पाठमोरी चालत जायची. डबा मात्र अर्धा परत आणायची. मेघा रोज रात्री आपला कान तिच्या हाताजवळ न्यायची. पोर हात काढून घ्यायची.

मग एका मंगळवारी ऑफिसात राजेंद्र सरांनी महिन्याचा कागद टेबलावर टाकला. हे तिचे वरिष्ठ. म्हणाले, सिल्लोडच्या व्यापाऱ्याला आता नारळ द्यायचा. ओल्या निघालेल्या एकवीस गाड्यांपैकी चौदा त्याच्या.

मेघा सवयीनं बोलून गेली, "किती गाड्यांपैकी, सर?"

"काय किती?"

"सिल्लोडहून एकूण आल्या किती?"

तिनं काढून दाखवलं. सिल्लोडच्या आल्या होत्या दीडशे, त्यात चौदा ओल्या. बाकी सगळीकडच्या मिळून आल्या होत्या जेमतेम चाळीस, आणि त्यात सात ओल्या. ज्याच्या गाड्याच जास्त, त्याच्या ओल्याही जास्तच दिसणार. बघायचं ते शेकडा किती. उलट माल सिल्लोडचाच सुका होता. राजेंद्र सर हसले. मेघाताईंनी एका माणसाची भाकरी वाचवली, असं शेजारच्या टेबलाला सांगत गेले.

मेघाला घरचे ते दोन पट्टे आठवले, लाल आणि हिरवा.

जेवणाच्या सुटीत तिनं डबा न उघडता ती घरची फाइल उघडली आणि गोल मोजले. नव्वद. एकशेवीस दिवसांपैकी नव्वद दिवस पोर साळूबाईकडं होती आणि तीस दिवस घरी. नव्वदात आठ ताप, म्हणजे सव्वाअकरा दिवसांतून एक. घरच्या तीस दिवसांत चार, म्हणजे साडेसात दिवसांतून एक. रविवारी बाजारात फिरवलेली, लग्नात आइस्क्रीम खाल्लेली, पाहुण्यांच्या मांड्यांवरून फिरलेली पोर घरीच जास्त तापत होती.

चूक झाली असं म्हणता आलं असतं तर किती सोपं होतं. पण महिन्याला शेकडो गाड्या मोजणारी बाई हा एकूण दिवसांचा रकाना विसरेल कशी? त्या दुपारी तिची नजर त्याच्यावर गेली होती. तिनंच ती उचलून पट्ट्यांच्या रंगाकडं नेली होती.

त्या संध्याकाळी पाळणाघरातून अक्षदाला घेऊन तिनं गाडी थेट गल्लीच्या टोकाला नेली. कुठं चाललो हे कळल्यावर पोर मागच्या सीटवर उभी राहायला लागली. गाडी थांबताच उडी मारून पळाली, आणि दारात एकदम थबकली.

आत साळूबाईच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं एक बाळ होतं. समोरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या मास्तरणीचं. बाळानं साळूबाईच्या कानाची पाळी मुठीत धरली होती.

"कोण आलं बघ माझ्या घरी," साळूबाई म्हणाली आणि मोकळा हात पुढं केला. "ये की माय."

अक्षदा गेली नाही. ती बाळाकडं बघत राहिली. ओठ आत ओढलेले, भुवया जवळ आलेल्या. अडीच वर्षं मेघा साळूबाईकडं ज्या डोळ्यांनी बघत आली होती, तेच डोळे आता तिच्या पोरीच्या चेहऱ्यावर होते.

"मावशी, माझा हिशेब चुकला होता," मेघा म्हणाली.

"कंप्युटरवर बी चुकतं व्हय?"

"कंप्युटरचं नाही. माझं." आणि तिनं सांगायला सुरुवात केली, नव्वद, तीस, शेकडा. साळूबाई बाळाच्या पाठीवर थापट्या मारत ऐकत होती. मेघाच तिसऱ्या वाक्याला अडखळली. आकडे बाजूला ठेवून म्हणाली, "तापाचं कारण नव्हतंच, मावशी. ती झोपेत तुमचं नाव घ्यायची. मला सोसवलं नाही."

साळूबाईनं बाळाचं अंगडं सारखं केलं. तिला राग आला असेल तर तो दिसला नाही, आणि गेला असेल तर तेही कळलं नाही.

"आईला वाटतंच तसं," ती म्हणाली. "पर तवाच सांगायचं व्हतं, ताई. मी हात धू-धू धुतले की हो इतके दिवस, ह्या बाळाला घ्यायच्या आधी." मग बाळाकडं बघून, "आता ह्याच्या आईला शब्द दिलाय. दोन लेकरं नाय झेपायची मला, अन् ह्याला सोडता यायचं नाय."

मेघानं मान हलवली. अक्षदा मागं सरकत सरकत आली आणि आईच्या पायांना दोन्ही हातांनी घट्ट बिलगली. एवढ्यासाठीच मेघानं सगळं केलं होतं. ती खाली बसली, पोरीला जवळ घेतलं.

अक्षदानं आईचा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला, वरून आपला हात दाबून धरला, आणि साळूबाईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "आई, बघ, मला ताप नाय. आता मला ताप येतच नाय. मग साळू मला परत घेईल ना?"