गाठीची फळी

ट्रक रस्त्याच्या कडेला लावून ड्रायव्हर खाली उतरला आणि तिथंच थबकला. सागाच्या राईत ऊन पडलं होतं.

त्या राईत कधी ऊन पडत नसे. लावल्यावर थोड्याच वर्षांत झाडांनी वरच्या वर एकमेकांत डोकी घातली होती आणि खाली भर दुपारीही अंधारल्यासारखं असायचं. लांबच्या फेरीवरून आला की तो घरात शिरायच्या आधी तिथून एक चक्कर मारायचा, जाता जाता खोडांवर हात टेकवायचा, मग पाय धुवायचा. आज त्याला आरपार पलीकडचं कुंपण दिसत होतं. मधे बुडखेच बुडखे. ताजे, पिवळट, भोवती भुसा सांडलेला.

त्याला वाटलं, चोरी झाली. तो तसाच घराकडे धावला. बायको पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होती.

"अगं, झाडं नेली कुणीतरी. अर्धी राई नेली."

"नेली नाहीत कुणी," ती म्हणाली. "मी तोडून घेतली."

शब्द ऐकू आले, पण डोक्यात शिरेनात.

"कुणी तोडली?"

"मीच. माणसं लावली होती. पाणी आणते, बसा."

तो बसला नाही. पाणीही प्यायला नाही. तिच्या हातचं भांडं घ्यायला हात पुढे होईना.

त्या झाडांवर त्याचा जीव होता, आणि तो उगाच नव्हता. रोपं लावली त्या साली पावसानं दडी मारली. आजूबाजूच्या लोकांची रोपं उभ्याउभ्या वाळली. यानं ट्रकवर पिंपं चढवून नदीवरून पाणी आणलं आणि नवराबायकोनं बादल्या घेऊन एकेका रोपाला पाजलं. सगळी तगली. पण पुढे तो ट्रक घेऊन जायचा आणि ती मागे राहायची. रोज बघणाऱ्याला जे दिसतं ते तिला दिसत होतं. झाडं उंच होत होती, जाड होत नव्हती. उजेडासाठी नुसती वर पळत होती, शेंड्याला मूठभर पानं आणि खाली मनगटाएवढं खोड. वनखात्यातल्या एक बाई येऊन बघून गेल्या. त्यांनीही सांगितलं, विरळणी करा. वाकडी, किडकी, दबलेली काढा, चांगल्यांना जागा द्या. तरच लाकूड होईल, नाहीतर सगळ्याच्या काठ्या होतील.

तिनं हे त्याच्या कानावर घातलं होतं. एकदा नाही, दर खेपेला. शेवटच्या खेपेला तो जेवता जेवता म्हणाला होता, "आपल्या पोरांतलं कुणाला उपाशी मारायचं, तेही तूच ठरव मग." त्यावर तिनं ताटं उचलली आणि विषय पुन्हा काढला नाही.

आणि आता हे.

त्या वेळी तो ठरल्या दिवसाच्या आधीच फेरीवर निघून गेला.

उरलेल्या झाडांना त्या वर्षी भलतंच काही झालं. बुडापासून वरपर्यंत खोडांना फुटवे आले, जिथं फांदी यायचं काही कारण नाही तिथंही. तिनं लांब बांबूला कोयती बांधली आणि मान मागे टाकून एकेक खोड साफ करायला घेतलं. काही वर्षं हेच चाललं. घरी असला तर तो कुंपणाशी उभा राहून बघायचा. बांबू हातात घ्यावा असं त्याला कधी वाटलं नाही. वाटलं असलं तरी तो गेला नाही.

मग फुटवे यायचे थांबले. खोडं भरली. कवेत मावेनाशी झाली. साल अशी गुळगुळीत, की त्याचा हात आपोआप पुन्हा झाडांवर जायला लागला. दोघांत बोलणं कधीच सुरळीत झालं होतं, फक्त राईचं नाव निघत नसे. नजर अधू झाली आणि त्याचं ड्रायव्हिंग सुटलं, तेव्हा तीच म्हणाली, "आता तोडू या झाडं. तयार झालीत."

पहिला ओंडका तिनं निवडला, राईच्या मधल्या झाडाचा. दोघं सॉ मिलमध्ये गेली. ठेवणीतले कपडे घालून आली होती ती, जणू कुणाच्या लग्नाला. मिलवाल्यानं ओंडक्यावर थाप मारली.

"वहिनी, काय देखणं खोड आहे. इतका सरळ साग हल्ली येत नाही आमच्याकडे."

ती हसली. ते हसू बघून ड्रायव्हरला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

करवत ओंडक्यातून गेली. पहिली फळी बाजूला पडली आणि मिलवाल्यानं मशीन बंद केलं. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानात घुसली.

मधला गाभा स्वच्छ होता. तिथून बाहेर मात्र गाठीच गाठी, चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तशा. त्यानं दुसरी फळी काढली. तीही तशीच.

"विरळणी एका झटक्यात केली होती का?" मिलवाल्यानं विचारलं.

मिलवाल्यानं एका गाठीवर नख टेकवलं.

"सावलीतल्या खोडावर एकदम ऊन आलं की फुटवे फुटतात. वरून छाटले तरी त्यांची गाठ आत राहते. साल चढते, बाहेरून कळत नाही. चौकटींना चालेल हे. फर्निचरवाले नाही घेणार."

तिनं फळीवर बोट ठेवलं. एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर नेलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. पडेल की काय, म्हणून ड्रायव्हर जवळ सरकला.

"त्या बाईंनी सांगितलं होतं मला," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"एकदम काढू नका म्हणून. थोडी आत्ता, थोडी पुढे, मग आणखी थोडी."

"मग तू सगळी का..."

"तुम्ही त्या खेपेला महिनाभर जाणार होतात. पुन्हा इतके दिवस कधी जाल, मला काय माहीत? आणि घरी असतात, तर एकाला तरी हात लावू दिला असतात?"

आवाजात राग नव्हता. रस्ता विचारणाऱ्याला दिशा सांगावी, तसं तिनं सांगितलं. रागानं बोलली असती तर त्याला काहीतरी उलट बोलता आलं असतं. त्यानं फळीवरचा भुसा हातानं झाडला.

मिलवाला घुटमळला. "पुढचा लावू की राहू दे? नंतर या हवं तर."

ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लावा," ती म्हणाली. "सगळे लावा. काय आहे ते बघून घेऊ."

मशीन सुरू झालं. दुसऱ्या ओंडक्यातही गाठी निघाल्या, तिसऱ्यात जरा कमी. मिलचा माणूस एकटाच फळ्या ओढत होता. ती पुढे झाली आणि तिनं एका फळीचं टोक धरलं. ड्रायव्हरनं दुसरं धरलं. फळी जड होती, ओल अजून गेली नव्हती. ढिगापर्यंतची वाट चिंचोळी होती, दोघांपैकी एकाला उलटं चालणं भाग होतं. तो काही न बोलता वळला, तिच्याकडे तोंड केलं आणि अधू डोळ्यांनी, पायानं जमीन चाचपत, मागे मागे जायला लागला.