कुसाका-सान यांच्या वीस ओळी

"ओगाता-सान, मी कोण आहे?"

सकाळी साडेनऊला कुसाका-सान माझ्या टेबलापाशी उभे राहून विचारत होते. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेन्सिल. मी तेव्हा साबण आणि फरशी पुसायच्या फडक्यांची मागणी लिहीत होते, त्यामुळे या प्रश्नाची माझी काही तयारी नव्हती.

"कितव्या ओळीवर अडलात?"

"चौथ्या."

"म्हणजे अजून सतरा लिहायच्यात."

"तेच तर म्हणतोय."

त्याचं असं झालं होतं, की विद्यापीठातून इबाबाई आल्या होत्या. काम, ताण, तब्येत आणि माणूस स्वतःला कोण समजतो, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. आमचा कारखाना जेवणाचे डबे बनवतो. ताण मोजायचा फॉर्म आम्ही दरवर्षी भरतो, तो कायदाच आहे. सगळे जण वरपासून खालपर्यंत 'ठीक आहे'वर खुणा करतात, कारण 'ठीक नाही' म्हटलं की डॉक्टरांपुढे बसावं लागतं आणि तेवढा वेळ आपलं काम शेजाऱ्यावर पडतं. पण इबाबाईंच्या कागदावर खुणा करायला काही नव्हतंच. नुसत्या वीस रिकाम्या ओळी, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला छापलेलं 'मी'. शिवाय दुपारी दोन मिनिटं तोंडात कापसाचा बोळा धरायचा. थुंकीत ताण दिसतो म्हणे.

कुसाका-सान यांची अडचण मला कळत होती. अडतीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस खरेदी विभागाचे प्रमुख म्हणून. मार्चमध्ये साठ पूर्ण झाली आणि एक एप्रिलपासून त्याच विभागात, वर्षाच्या करारावर, साधे कर्मचारी. प्रमुखाची खिडकीजवळची खुर्ची हातोरीला मिळाली. या हातोरीला मालवाल्यांपुढे किती वाकायचं इथपासून सगळं कुसाका-सान यांनीच शिकवलेलं. ते स्वतः आता रांगेच्या टोकाला, कॉपी मशीनच्या शेजारी बसत. 'यापुढे कुसाका यांना साहेब न म्हणता इतरांसारखं कुसाका-सान म्हणावे' ही नोटीस मीच टाइप करून भिंतीवर लावली होती.

नोटीस लावणं सोपं, जीभ वळवणं अवघड. पहिल्या आठवड्यात मी सवयीने "साहेब!" अशी हाक मारली की दोघेही उठायचे. मग हातोरी कानापर्यंत लाल व्हायचा आणि कुसाका-सान खाली न पडलेली पेन्सिल शोधायला वाकायचे. ते स्वतः तर हातोरीला एप्रिलपासून कुठल्याच नावाने हाक मारत नव्हते. काम असलं की त्याच्या टेबलापाशी जाऊन खाकरायचे. सर्दी झालीय समजून हातोरीने त्यांना दोनदा खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

"बघू, काय लिहिलंत," मी म्हटलं.

पहिली ओळ : मी कुसाका मिनोरु. दुसरी : मी खरेदी विभागाचा प्रमुख. ही पट्टी धरून खोडलेली. तिसरी : मी खरेदी विभागात असतो.

"घरी कोण आहात तुम्ही? ते लिहा की."

ते बाहेर जाऊन बायकोला फोन करून आले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ओला टॉवेल चटईवर टाकणारा."

"लिहा मग."

"लिहिलं. आणखी पाच सांगितल्यात तिने. सगळ्या टॉवेलच्याच जातीच्या. तिला हे काम फार आवडलंय."

तरी दहावीपर्यंत गाडी गेली. पुढे मात्र ते जागेवर बसून, कागदावर आडवा हात धरून लिहू लागले. कोणी कॉपी काढायला आलं की कागद पालथा घालत. जेवणाच्या सुट्टीआधी मी पाहिलं तेव्हा टेबल मोकळं होतं आणि ते डबा उघडून शांतपणे भातातलं आंबट आलुबुखार बाजूला काढत होते. झालं एकदाचं, म्हणून मलाही बरं वाटलं.

दुपारी दोन वाजता बैठकीच्या खोलीत त्यांनी बोळा तोंडात धरला. इबाबाईंनी घड्याळ लावलं आणि तेवढ्या वेळात लिफाफे मोजायला घेतले.

"खरेदी विभागाचा एक कमी आहे," त्या म्हणाल्या. "कुसाका-सान, तुम्ही कागद पेटीतच टाकलात ना? ती कुलपाची?"

कुसाका-सान यांचे डोळे विस्फारले. बोलता येत नव्हतं. त्यांनी हवेत बोटाने एक चौकोन काढला, मग तळहातावर मूठ आपटली. इबाबाईंना काही कळलं नाही. मला या कंपनीत बावीस वर्षं झालीत, त्यामुळे लगेच कळलं.

आमच्याकडे चिठ्ठीशिवाय कागद हलत नाही. चिठ्ठीवर चार चौकोन असतात. सगळ्यांत उजवीकडे लिहिणाऱ्याचा, मग विभागप्रमुखाचा, मग खातेप्रमुखांचा आणि डावीकडच्या टोकाला संचालकांचा. ज्याने त्याने आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा आणि कागद वर पाठवायचा. अडतीस वर्षं कुसाका-सान हेच करत आले होते, आणि आजही त्यांच्या हाताने डोक्याला न विचारता तेच केलं. आपल्या वीस ओळींवर चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि कागद हातोरीच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. शेजारीच ती कुलपाची पेटी होती. तिच्यावर 'गोपनीय' असं मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

"अजून दीड मिनिट!" इबाबाई ओरडल्या, पण ते दाराबाहेर पडलेसुद्धा, बोळ्यासकट. मी मागोमाग.

हातोरीचा ट्रे रिकामा होता. तो फोनवर होता. फोनवर हात ठेवून, आमच्याकडे न बघता म्हणाला, "वर गेला, कुसाका-सान."

जिन्यात कुसाका-सान यांनी बोळा काढून दोन बोटांत जपून धरला. शेवटी संशोधनाची वस्तू होती ती.

"चौदावी ओळ," ते धापा टाकत म्हणाले.

"काय आहे चौदावी?"

"मी हातोरीवर जळतो."

बोळा परत तोंडात. चार पायऱ्यांनंतर परत बाहेर.

"आणि एकोणिसावी."

"ती काय?"

"तो माझ्याशी चांगला वागतो, याचाच मला जास्त राग येतो."

हलकं काम मिळालं, माणूस सुखात असेल, असं मी धरून चालले होते. नोटीस चिकटवताना ती सरळ लागली की नाही एवढंच मी बघितलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

खातेप्रमुख निशिवाकी चहा पीत होते.

"तुमचा कागद ना? शिक्का मारून वर पाठवला की मगाशीच."

"वाचलात का?" मी विचारलं.

"कुसाकांचा कागद? मी कशाला वाचू! एवढ्या वर्षांत एकही वाचला नाही. चूकच नसते."

हे कौतुक होतं. त्यामुळे घाईतही कुसाका-सान यांना वाकावं लागलं. बोळा पडता पडता वाचला.

तिसऱ्या मजल्यावर संचालकांच्या चिटणीस बाईंनी हसून कागद आमच्या हातात ठेवला.

"मंजूर झालाय. साहेब घाईत होते, पण म्हणाले, वीसही मुद्दे चांगले आहेत, लगेच अमलात आणा."

परत जिन्यात येऊन आम्ही कागद उजेडात धरला. चारही शिक्के होते. इथे शिक्का मारायचीही एक रीत आहे. खालच्या माणसाने आपला शिक्का डावीकडे, म्हणजे वरिष्ठाच्या चौकोनाकडे, किंचित कलता मारायचा. तो त्याचा नमस्कार. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही, आम्हा सगळ्यांना कुसाका-सान यांनीच शिकवलं. त्यांचा स्वतःचा डावीकडे कललेला होता. निशिवाकींचाही. संचालकांचा ताठ, कारण त्यांच्या डावीकडे नुसता कागदाचा काठ असतो.

हातोरीचा मात्र उजवीकडे कलला होता. थोडाथोडका नव्हे, जवळजवळ आडवा. आणि त्याच्या उजवीकडे एकच चौकोन होता, कुसाका-सान यांचा. प्रमुखाचा शिक्का साध्या कर्मचाऱ्याकडे वाकलेला मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हणजे त्याने वाचलं होतं. वीसच्या वीस ओळी वाचल्या होत्या, आणि कागद अडवून ठेवून त्यांना कमीपणा आणायचा नाही म्हणून रीतसर वर पाठवला होता.

कुसाका-सान यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग बोळा काढून म्हणाले, "उलटा मारलाय."

"हो."

"किती वर्षं शिकवलं याला. डावीकडे, डावीकडे."

बोळा परत तोंडात घालून ते एकेक पायरी उतरू लागले.

खाली इबाबाईंनी बोळा घेतला आणि सरळ कचऱ्यात टाकला. जिने चढल्यावरची थुंकी चालत नाही आणि चार जणांनी हाताळलेला कागदही चालत नाही, असं म्हणून त्यांनी वीस ओळींचा कोरा कागद पुढे केला. उद्या देतो म्हणून तो कुसाका-सान यांनी घेतला. जुना त्यांच्या हातातच होता.

विभागात हातोरीचं फोनवरचं बोलणं संपलं होतं. आम्हाला पाहून तो खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. कुसाका-सान त्याच्या टेबलापाशी गेले. मी खाकरण्याची वाट बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "शिक्का उलटा पडलाय."

हातोरीने कागदाकडे पाहिलं नाही. "हो. माझं चुकलं. परत मारून देऊ?"

"नको. एकदा मंजूर झालेल्या कागदाला हात लावत नाहीत."

कागदाची घडी खिशात घालून ते कॉपी मशीनशेजारी जाऊन बसले आणि झाकणांच्या रबराची मागणी पुढे ओढून वाचू लागले. हातोरी मात्र तसाच उभा होता. टेबलावरचा फोन वाजला, तो त्याने उभ्यानेच घेतला.