मॅरिबेथच्या नावाचा नियम

माझ्या थोरल्या बहिणीची, लोरीनची, एकुलती एक मुलगी मॅरिबेथ कॉलेजातून घरी येताना गाडीच्या अपघातात गेली. एकोणीस वर्षांची होती. अलाबामातल्या हॅकबेरी तळ्याच्या काठावर आमची वीस-बावीस घरं आहेत. लोरीनचं घर पूर्वेला, माझं समोरच्या बाजूला. त्या दिवशी तळ्यात एकही होडी उतरली नाही.

चर्चमध्ये तिचा बाप वर्लन बोलायला उभा राहिला. वर्लन मुळात अबोल माणूस. त्यानं एकच आठवण सांगितली. मॅरिबेथ दहा वर्षांची असताना तिच्या गळाला हाताएवढी लांब बास मासळी लागली होती. वसंत ऋतू होता, मासळीचं पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. वर्लननं ती टोपलीत टाकायला हात पुढे केला, तर पोरीनं मासळी छातीशी धरली आणि म्हणाली, "डॅडी, हिच्या पोटात पिल्लं आहेत. सोड ना तिला." त्यानं सोडली. "अशी होती माझी पोर," एवढं म्हणून तो खाली बसला.

तो हिवाळा त्यानं अंथरुणात काढला. दाढी वाढली, गॅरेजचं काम सुटलं. लोरीन ताट भरून नेऊन ठेवायची आणि तसंच उचलून आणायची. पुढच्या वसंतात काठावरच्या घरांची वर्षाची बैठक भरली तेव्हा तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आला आणि म्हणाला, या तळ्यातली बास इथून पुढे कुणी मारू नये. पकडा, बघा, सोडा. मॅरिबेथच्या नावानं एवढं करा.

नाही कोण म्हणणार? सगळ्यांचे हात वर गेले. लोरीनचा तेवढा गेला नाही. ती मांडीवरची पर्स धरून बसून होती. मला वाटलं, बिचारी स्वतःतच हरवली आहे.

त्या नियमानं वर्लनला उठवलं, हे मात्र खरं. सकाळी कॉफी घेतली की तो होडी काढायचा. कुणी पाहुणा गळ टाकून बसलेला दिसला की त्याला शिकवायचा: मासळीला हात लावण्याआधी हात ओला करावा, कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिला रोग लागतो. गळ ओढून काढू नये, वळवून काढावा. पाण्यात धरून ठेवावं, तिनं स्वतः शेपूट मारली की मगच हात सोडावा. कुणी बास बर्फाच्या पेटीत टाकलीच, तर ती परत पाण्यात जाईपर्यंत वर्लन तिथून हलत नसे. शेजारचा ब्युफर्ड म्हणायचा, "या तळ्यातल्या मासळीला माझ्यापेक्षा जास्त मान आहे. मला घरात कुणी हात ओला करून धरत नाही." वर्लनही हसायचा. लोक बास सोडताना त्याच्याकडे बघून टोपीला हात लावायचे. वाटायचं, पोर गेली, पण बापाला काही तरी धरायला मिळालं.

सुरुवातीची काही वर्षं मजेची गेली. गळ टाकावा आणि बास लागावी. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की सगळ्या एकाच मापाच्या आहेत, वीतभराहून थोड्या मोठ्या, त्यापुढे वाढच नाही. डोकं मोठं, डोळे मोठे आणि मागचं अंग कमरेच्या पट्ट्यासारखं. पोट पाठीला लागलेलं. ब्रीम म्हणून तळहाताएवढी चपटी मासळी असते, लहान पोरं धक्क्यावरून पावाचा तुकडा लावून ती धरत. ती तर दिसेनाशीच झाली. पोरांनी धक्क्यावर येणं सोडलं.

वर्लनला वाटलं, पाण्यात विष आहे. वरच्या अंगाला गुरांचं कुरण आहे, तिथलं काही तरी झिरपत असणार. त्यानं स्वतःच राज्याच्या मत्स्य खात्याला फोन केला. तिथून डॅना नावाची तरुण बाई आली, उंच, उन्हानं रापलेली, कामाशी काम ठेवणारी. तिच्या होडीला पुढे दोन दांडे होते. त्यांतून पाण्यात हलका वीजप्रवाह सोडला की आसपासची मासळी घटकाभर बधिर होऊन वर तरंगते. ती जाळीनं उचलून मापायची, वजन करायचं आणि परत सोडायचं. वर्लन तिच्याबरोबर होडीत होता, मीही होतो. बासमागून बास वर येत होत्या, पांढऱ्या पोटाच्या, सगळ्या सारख्या. ब्रीम नावालाच.

डॅनानं काही बास कापायची परवानगी मागितली. वर्लननं तोंड फिरवलं, पण हो म्हणाला. माशाच्या कानात बारीकसं हाड असतं, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं असतात. तिनं ती मोजली. मग पोटं उघडली. बहुतेक रिकामी होती. एकीत शेवाळ निघालं. एकीच्या पोटात बोटभर बास होती, तिच्याच जातीचं पिल्लू.

वर्लननं विचारलं, "काय विष आहे?"

"विष काहीच नाही," डॅना म्हणाली. "पाणी चांगलं आहे. या उपाशी आहेत. ही दहा वर्षांची आहे, आणि दिसते दोन वर्षांच्या पिल्लासारखी. खाणारी तोंडं जास्त झाली, खाणं संपलं."

धक्क्याला लागल्यावर वर्लननं होडी बांधली, त्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला.

बैठक चर्चच्या मागच्या खोलीत भरली. डॅनानं शांतपणे समजावून सांगितलं: लहान बास भरपूर काढा, दोन-तीन वर्षं काढत राहा आणि खा. मोठी एखादी दिसली तर तेवढी सोडा. बास ज्यांवर जगतात त्या ब्रीमना सवड मिळेल, त्या वाढतील, मग उरलेल्या बास पोटभर खातील. नुसतं सोडत राहिलात तर हे असंच चालणार. ती बोलताना कुणी वर्लनकडे बघत नव्हतं.

तो उठला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, बाईंचं शिक्षण मोठं आहे, मी गॅरेजवाला. पण या तळ्यात काय चालावं ते माझ्या पोरीनं ठरवलं आहे. "तिला एकही मासळी मारलेली बघवत नव्हती. मी जिवंत असेपर्यंत तिच्या तळ्यावर सुरी चालणार नाही."

ब्युफर्ड घसा खाकरून म्हणाला की जाऊ द्या, राहू द्या नियम. दोघंतिघं मान डोलवायला लागले.

तेव्हा लोरीन बोलली. इतक्या वर्षांत ती बैठकीत कधी बोलली नव्हती.

"वर्लन, तिनं त्या दिवशी संध्याकाळी चार बास खाल्ल्या."

तो तिच्याकडे वळला.

"मोठी तिनं सोडायला लावली. अंडी होती म्हणून. बाकीच्या लहान बास टोपलीत होत्या. तूच साफ केल्यास, मागच्या पायरीवर बसून. मी मक्याच्या पिठात घोळवून तळल्या. तिनं शेपट्या कुरकुरीत लागतात म्हणून तुझ्या ताटातल्यासुद्धा खाल्ल्या, आणि तू म्हणालास, ही पोर आहे की मांजर. आठवतं?"

"तू खोटं बोलतेस," वर्लन म्हणाला. पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याला आठवलं आहे, नुकतंच, त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत.

"ती साधी पोर होती रे," लोरीन म्हणाली. "मासे आवडायचे तिला. भूक लागली की चिडायची. तू तिला देवदूत करून टाकलंस. मी इतकी वर्षं या माणसांच्या तोंडून तिचं नाव ऐकते आणि ती कुणा दुसऱ्याचीच मुलगी असते. माझी कुठे आहे?"

ती रडली नाही. पर्स घेऊन बाहेर माझ्या गाडीत जाऊन बसली. मागून वर्लनही आला, कारण दोघं माझ्याच गाडीतून आली होती आणि घरी जायला दुसरी गाडी नव्हती. मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवरून तो म्हणाला, "तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू जेवायला लागला होतास, वर्लन. त्या नियमावर तू उभा होतास. मी तो काढून घेतला असता तर तू परत त्या अंथरुणात गेला असतास."

"म्हणजे मला मूर्ख बनवून ठेवलंस."

"जिवंत ठेवलं."

मी घरापाशी गाडी थांबवली. दोघं दोन दारांनी उतरली.

मला वाटलं होतं, गळू फुटलं, आता जखम भरेल. माणसाला असं वाटतं. तसं झालं नाही. वर्लनला हे गिळवेना की बायकोनं सगळं माहीत असून त्याला हात ओले करायला शिकवत फिरू दिलं. आणि लोरीनला हे सोसवेना की बापानं पोरीचं अर्धं आयुष्य विसरून टाकलं, आणि जे उरलं त्याचीच पूजा केली. भांडणं झाली नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं. एकाच टेबलाशी बसून दोघं मीठ इकडे दे, लोणी तिकडे दे, एवढंच बोलायची. हेमंतात पानं झडायच्या आत लोरीन शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. जाताना मॅरिबेथच्या कपड्यांचं खोकं घेऊन गेली. वर्लननंच ते गाडीत ठेवून दिलं.

तळ्याचं मात्र डॅना म्हणाली तसंच झालं. बास सोडायच्या नियमाची पाटी धक्क्यावर लावलेली होती, ती वर्लननं स्वतः उपटली. लोकांनी लहान बास काढायला सुरुवात केली. शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात कढई चढायची, सोबत मक्याची भजी, कोबीची कोशिंबीर. पहिल्या वर्षी त्या माशांवर मांस असं नव्हतंच, काटेच जास्त. पुढच्या वर्षी किनाऱ्यालगत ब्रीमची घरटी दिसायला लागली, वाळूत ताटल्या मांडाव्यात तशी. तिसऱ्या वर्षी ब्युफर्डच्या नातीला लागलेली बास इतकी भरदार होती की दोन हातांत मावेना. डॅनानं सांगितल्याप्रमाणे ती परत सोडली. पोरीनं हात ओले केले होते. ते तिला वर्लननंच शिकवलं होतं.

मी दर रविवारी साफ केलेले मासे घेऊन लोरीनकडे जातो. ती तळते, आम्ही दोघं खातो. मॅरिबेथबद्दल ती आता मोकळेपणी बोलते, तिच्या चुका सांगते, हसते. एकदा जेवता जेवता म्हणाली, "वर्लन जेवतो का नीट?" मी म्हटलं, बरा आहे. पुढे तिनं विचारलं नाही.

वर्लन परवा माझ्या धक्क्याला होडी लावून बसला होता. त्याच्या टोपलीत पाच-सहा लहान बास होत्या. म्हणाला, "हॉइट, ती तुझ्याकडे यायची ना सुट्टीत. काय काय करायची?"

मी आठवेल ते सांगितलं. मधमाशी चावली तेव्हा तिनं दिलेली शिवी सांगितली. माझा जुना ट्रक तिनं कुंपणात घातला, ते सांगितलं. हे त्याला माहीत नव्हतं. तो ऐकत होता, मान खाली घालून, एकेक शब्द साठवावा तसा. मग विचारलं, "लहानपणी झोपताना तिला काही लागायचं का? गोधडी, बाहुली, असं काही? मला आठवतच नाही."

"ते मला कसं माहीत असणार?" मी म्हटलं. "लोरीनला विचार. तिला सगळं आठवतं."

त्यानं दोन मासे माझ्यासाठी फळीवर ठेवले, दोर सोडला आणि होडी वळवून आपल्या घराच्या दिशेनं निघून गेला.