बोट गोदीत होती तेव्हा

कडूबाईनं भाकरी तव्यावर अशी आपटली की पिठाचं पाणी उडून चूल चर्र वाजली. बाहेर अंगणात भुजंगाच्या तोंडून त्याची बोट पुन्हा सुटली होती.

लढाई संपली आणि हा तिचा नवरा आरमाराचा पांढरा सदरा घालून चुडाव्याच्या स्टेशनावर उतरला, तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. बायनाबाईनं, त्याच्या आईनं, हंबरडा फोडला. पण त्याला घरात घ्यायचं कसं? मागच्या साली पितृपंधरवड्यात याच घरानं त्याला जाळलं होतं. मुंबईच्या गिरणीतला चंद्रभान सांगत आला होता, भुजंगाची गस्तीची बोट ब्रह्मदेशाकडं बुडाली म्हणून. त्यात बायनाबाईच्या स्वप्नात लेक रोज पाणी मागायला लागला. मग जोशीबुवांनी पळसाच्या पानांचा भुजंग केला आणि माणिकरावांनी, त्याच्या बापानं, त्याला अग्नी दिला. आता जळालेला माणूस उंबरा ओलांडत नसतो. आधी त्याला नव्यानं जन्माला घालायचं, बारसं करायचं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मुहूर्त उद्याचा होता. तोवर गड्याचा मुक्काम लिंबाखाली, आणि तोंडात बोटीशिवाय दुसरी गोष्ट नाही.

"नाव न्हवतं तिला, निस्ता नंबर," तो सांगत होता. "पण पाण्यावर काय पळायची! पयली गस्त कराचीला. मग चितगाव. मग ब्रह्मदेशाच्या खाड्या. रातच्याला दिवा न लावता जपान्यांच्या होड्या धरायच्या. एकदा बुडाशी हे एवढं भगदाड पडलं. सायेब म्हणला, सोडा तिला. आमी न्हाई सोडली. बादल्यांनी पाणी उपसत आणली."

"तवाच चंद्रभान बुडाली म्हणला आसंल," माणिकराव म्हणाले.

"बुडती काय! मुंबईच्या गोदीत नेली की. मागल्या सालच्या पोळ्याला आत गेली, दिवाळीला चकाचक होऊन भाईर आली. म्या सोता रंग दिला तिला."

कडूबाईचा हात परातीतच थांबला.

पोळा आणि दिवाळीच्या मधे पितृपंधरवडा येतो. म्हणजे इथं सासू दगडानं तिच्या बांगड्या फोडत होती, तेव्हा हा बाबा मुंबईत बोटीला रंग लावत बसला होता. मनमाडला गाडी बदलली की चुडावा! ते जाऊ दे, गावाकडच्या एखाद्या गिरणीवाल्याजवळ निरोप तरी? धाकट्या बहिणीच्या हळदीला ती गेली, तर तिथल्या बायांनी तिचा हात धरून बाजूला केलं. गोठ्यात बसून जेवली ती त्या दिवशी. मुडदा बशिवला ह्याचा, ती पुटपुटली, आणि तोही बसवून झालाय हे आठवून तिला आणखीच संताप आला. तव्यावरची भाकरी करपली. तिनं करपू दिली.

दुसऱ्या दिवशी भुजंगाला तूप लावून न्हाऊ घातलं. एवढा थोरला गडी आईच्या मांडीवर बसला, कानात नाव सांगून घेतलं. बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. मग तो पाटावर उभा राहिला, समोर कडूबाईला उभं केलं. अंतरपाटाचं एक टोक जोशीबुवांनी धरलं, दुसरं बायनाबाईनं.

"थांबा," कडूबाई म्हणाली. "बोट गोदीत होती तवा तुमी गावाकडं का आला न्हाईत? रजा न्हवती?"

"आठ-धा दिस भेटली व्हती," भुजंग पलीकडून म्हणाला. त्याला वाटलं, बायको कौतुकानं विचारायलीय. "पण बोट सगळी उघडी पडली व्हती गं. तिला तसं सोडून कसं यावं?"

"मग झालं तर!" कडूबाईचा आवाज असा चढला की वाजंत्री गप झाले. "माजा नवरा त्याच पंधरवड्यात मेला. तुमीच जाळला, समद्या गावानं बघितला. ह्यो कोण हाय मला ठाव न्हाई. ह्येचं तर आत्ता बारसं झालंय. मला न्हाई करायचं ह्येच्याशी लगीन."

"काय बोलायलीस!" माणिकराव काठी उगारून उठले. "खानदानाची इज्जत हाय का न्हाई?"

"बाई, नीट विचार कर," जोशीबुवा म्हणाले. "हे लग्न लागलं नाही, तर तू जन्मभर विधवाच राहशील."

"हायेच की."

बायनाबाई अंतरपाटावरून लेकाकडं बघत होती.

"आठ-धा दिस रजा व्हती?" तिनं विचारलं.

"व्हती, माय."

"तुला आगीन दिला तवा म्या—" तिनं अंतरपाटाला हिसका दिला. जोशीबुवांच्या हातातलं टोक सुटलं. म्हातारीनं ते कापड कमरेला बांधलं, वेचणीला ओटी बांधतात तसं, गाठ दातांनी आवळली.

"कडू," ती म्हणाली, "वरल्या वावरातला कापूस फुटलाय. चल."