सोडलेला आंबा

आमचे हे आंबा खायला बसले की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाह्या कोपरापर्यंत सारायच्या, आंबा दोन्ही तळव्यांत घोळवून मऊ करायचा, पहिला थेंब पिळून टाकायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. एरवी हा माणूस विमा कंपनीतला हेडक्लार्क. टोपी सरळ, अक्षर सरळ, बोलणं मोजकं. चिंतामणराव येताना दिसले की ऑफिसातला शिपाईसुद्धा गळ्याचं बटण लावायचा म्हणे.

चैत्र संपत आला की आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत खाटेखाली गवत पसरून आंब्यांची अढी लागायची. रोज सकाळी हे खाली वाकून एकेक आंबा हुंगायचे. आमची नात नलू त्यांच्याबरोबर खाटेखाली शिरायची आणि दोघांचे फक्त पाय बाहेर दिसायचे. फोडी नातीला, बाठा आजोबांना. शकू, आमची थोरली, लहान होती तेव्हा तिलाही तसंच. मला मात्र कधी विचारलं नाही. न विचारता अढीतला सगळ्यात चांगला आंबा माझ्या ताटाशी ठेवलेला असायचा.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरगावात गोळ्या चालल्या. खालच्या रस्त्यावर पडलेलं एक पोर ह्यांनी गॅलरीतून पाहिलं. आत आले, हातपाय धुतले, देवासमोर बसून तळहातावर पाणी घेतलं. "मुंबईसह महाराष्ट्र होईपर्यंत आंबा खाणार नाही," म्हणाले. पाणी सोडता सोडता थांबले. मग म्हणाले, "बेळगाव-कारवारसुद्धा." मग सोडलं.

मी चिडलेच होते. कर्फ्यू लागलेला, घरात दूध नाही, आणि ह्यांचं हे. म्हटलं, "जानेवारीत आंबा सोडायला काय जातंय? एप्रिलात बघू."

एप्रिलात बघितलं. पेटी आली, अढी लागली, पण हुंगायचं काम नलूकडे गेलं. वासानेसुद्धा नेम मोडेल की काय, अशी ह्यांना धास्ती. पुढच्या वर्षी मी मुद्दाम आमरस केला आणि ह्यांच्यापुढे वाटी भरून ठेवली. ती त्यांनी नलूकडे सरकवली. मी दोन दिवस अबोला धरला. सरकारला ह्यांच्या आंब्याचं काय पडलंय, असं मला राहून राहून वाटायचं.

अठ्ठावनच्या मे महिन्यात हे गेले. छातीचं दुखणं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आवडेल ते द्या आता. मी रस काढला, चमचा ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्या हातावर थोपटलं. मी गॅलरीत जाऊन रडले, ते दुःखाने की रागाने, मला आजही सांगता येणार नाही. त्रेचाळीस वर्षं ह्या माणसाला वेळेवर जेवायला वाढलं आणि शेवटचा एक चमचा मी देऊ शकले नाही.

अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दाखवायचा, मग घरच्यांनी खायचा, ही आमच्याकडची रीत. एकोणसाठ साली मी पाण्याचा कलश ठेवला, खीर ठेवली, ह्यांच्या पानावर आंबा ठेवला नाही. साठ साली तृतीया नेमकी एक मेच्या दोन-तीन दिवस आधी आली. आमचा हेरंब म्हणाला, "आई, कायदा झालाय. दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

"त्यांनी दोन दिवस आधी खाल्ला असता का?" मी म्हटलं.

ठरवलं, एक तारखेला पान वाढायचं. तिथी नसली तर नसली. दोन वर्षं मी ह्या एका दिवसाची वाट पाहिली होती. रविवार होता. चाळीला तोरणं, खाली लेझीम, मुलांच्या हातात पताका. सूनबाईने, मृणालिनीने, पुरणाचा स्वयंपाक केला. सुट्टीला आलेली शकू सकाळपासून तोरणं बघायलाही बाहेर गेली नव्हती. मी पान मांडलं, अढीतला सगळ्यात चांगला आंबा धुऊन हातात घेतला.

"आई," शकू दारातून म्हणाली, "बाबा पाणी सोडताना काय बोलले होते, आठवतं ना तुला?"

माझा हात तिथेच थांबला. शकूचं सासर बेळगावला, आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच राहिलं होतं. मुंबई मिळाली ह्या आनंदात आम्ही घरातले सगळे तेवढंच विसरलो होतो. आणि बेळगाव त्यांनी कोणासाठी म्हटलं होतं, हे काय मला कळत नव्हतं?

"ताई, आज नको ना," हेरंब म्हणाला.

"ठेवू नको असं म्हणत नाही रे मी. पण मंगळवारी मी परत जाणार ती कुठे, तूच सांग," शकू म्हणाली आणि तिला रडू आलं.

आंबा ठेवला, तर ज्या लेकीसाठी बापाने शब्द वाढवला तिला वगळल्यासारखं होतं. न ठेवावा, तर हे असेच उपाशी राहणार, आणि किती वर्षं ते कोणी सांगावं? खालचं लेझीम थांबेना. मला सगळ्यांचाच राग आला. दिल्लीचा, मुंबईचा, सगळ्यात जास्त ह्यांचा. स्वतः निघून गेले आणि निवाडा माझ्यावर टाकला.

मी आंबा पानावर ठेवला. मग देवापुढे बसले, तळहातावर पाणी घेतलं आणि म्हटलं, "मुंबईपुरता त्यांचा नेम पुरा झाला. बेळगाव-कारवारचा माझ्याकडे."

शकूने धावत येऊन माझं मनगट धरलं. "आई, नको गं. आणि नाहीच आलं बेळगाव तर? जन्मभर खाणार नाहीस?"

"तुझ्या वडिलांना जेवू दे आधी," मी म्हटलं. "ज्यांच्याबरोबर खायचा ते माणूसच राहिलं नाही. आंब्याचं काय घेऊन बसलीस?"

आणि पाणी सोडलं.